लांबी कुठपर्यंतची, वजन कशाचं? खोल समुद्रातल्या माशांचं लांबी-वजनाचं गणित, बाजारापासून आलेखापर्यंत

पुण्यात बसून खोल समुद्रातल्या माशांचा अभ्यास करायचा म्हटलं की समोरचा माणूस आधी आश्चर्याने बघतो. घाट उतरून किनारा गाठायलाच तीन-चार तास लागतात. त्यापुढे मुंबईसमोरचा समुद्रतळ इतका हळूहळू उतरतो की २०० मीटर खोली मिळायला आणखी दोनशे किलोमीटरहून जास्त आत जावं लागतं. 'खोल समुद्र' तिथून सुरू होतो. तरीही प्राणिशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी विचारतात, कारण प्रकल्पासाठी त्यांच्या हाती कुठल्यातरी जहाजाच्या सफरीतली लांबी-वजनाची यादी आलेली असते किंवा बर्फातले नाहीतर अल्कोहोलमधले काही नमुने मिळालेले असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माशांचं आणि आकड्यांचं ज्यांना कुतूहल आहे, त्या सगळ्यांनाही तो वाचता यावा.

या कामात गणित सोपं आहे. संगणक ते दोन मिनिटांत करून देतो. चुका होतात त्या गणिताच्या आधी: लांबी कुठून कुठपर्यंत मोजली आणि वजन नेमकं कशाचं केलं, या दोन प्रश्नांपाशी. नेहमीच्या माशात हे प्रश्न फारसे छळत नाहीत. खोल समुद्रातल्या माशात मात्र शेपटी तुटलेली असते, पोट तोंडातून बाहेर आलेलं असतं आणि मांस पाण्याने भरलेलं असतं. तिथे हे दोन प्रश्नच अर्धा अभ्यास आहेत.

हे मोजायचंच कशाला?

खोल पाण्यात मासा तोलता येत नाही, दिसतो फक्त. तळाशी सोडलेला कॅमेरा किंवा यंत्रपाणबुडी माशाचं चित्र आणते. लेसरचे दोन समांतर ठिपके ठरलेल्या अंतरावर पडलेले असले की त्यांवरून लांबी काढता येते. त्या लांबीवरून वजन काढायचं असेल तर दोघांमधलं सूत्र आधी कुणीतरी मासे हातात घेऊन तयार केलेलं असावं लागतं.

मोठ्या प्रमाणावरही तेच. साधारण २०० ते १००० मीटरच्या थरात राहणाऱ्या छोट्या माशांचं जगातलं एकूण वजन किती, याचा १९८०मधला अंदाज सुमारे १०० कोटी टनांचा होता. ध्वनिलहरींच्या सर्वेक्षणावर आधारलेला २०१४मधला अंदाज त्याच्या दहापट निघाला. अशा अंदाजांत माशाच्या आकारावरून वजन धरण्याची पायरी कुठेतरी येतेच. एका माशामागची छोटी चूक तिथे कोटींनी गुणली जाते. आपल्या अरबी समुद्रात कंदीलमासे, म्हणजे अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले छोटे मासे, भरपूर आहेत. बेंथोसेमा टेरोटम ही बोटाएवढी जात तर उत्तर अरबी समुद्रात थव्यांनी असते आणि दिवसा ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या थरात राहते. त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून तितकासा दूरही नाही.

सूत्र

मासा लांबीने दुप्पट झाला आणि त्याची ठेवण तशीच राहिली, तर रुंदी आणि उंचीही दुप्पट होते. म्हणजे आकारमान आठपट. २० सेंटिमीटरचा मासा ६४ ग्रॅमचा असेल तर त्याच ठेवणीचा ४० सेंटिमीटरचा मासा ५१२ ग्रॅमचा. हा घनाचा नियम.

प्रत्यक्षात वाढताना ठेवण थोडी बदलते, म्हणून घातांक ३ न धरता तो मोकळा सोडतात:

वजन = अ × (लांबी)^ब

वजन ग्रॅममध्ये, लांबी सेंटिमीटरमध्ये. 'ब' हा घातांक. तो ३ असेल तर मासा एकाच ठेवणीने वाढतोय. ३ पेक्षा जास्त असेल तर वाढता वाढता लांबीच्या मानाने भरतोय, कमी असेल तर सडपातळ होतोय. बहुतेक सगळ्या माशांत 'ब' २.५ ते ३.५ च्या दरम्यान पडतो. तुमचं उत्तर या पट्ट्याबाहेर आलं तर नवा शोध लागल्याचा आनंद आवरा आणि मोजमाप पुन्हा तपासा.

दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की वक्र रेषा सरळ होते:

लॉग(वजन) = लॉग(अ) + ब × लॉग(लांबी)

या सरळ रेषेचा चढ म्हणजे 'ब'. उभ्या अक्षावर ती जिथे छेदते, ती संख्या म्हणजे लॉग(अ).

दोनच माशांवर करून बघू. समजा एक २० सेंटिमीटर, ६४ ग्रॅम आणि दुसरा २५ सेंटिमीटर, १२८ ग्रॅम. वजन दुप्पट झालं, २ चा लॉग ०.३०१०. लांबी सव्वापट झाली, १.२५ चा लॉग ०.०९६९. भागाकार केला की ब = ३.१०६. मग अ = ६४ ÷ २०^३.१०६, म्हणजे सुमारे ०.००५८२.

आता नीट बघा. घनाचा नियम तंतोतंत पाळला असता तर दुसरा मासा १२५ ग्रॅमचा भरला असता. म्हणजे ३ आणि ३.१०६ यांच्यामधला सगळा फरक तीन ग्रॅमचा आहे. तीन ग्रॅम म्हणजे कल्ल्यात अडकलेलं बर्फाचं पाणी, नाहीतर पोटातलं एखादं कोळंबीचं पिल्लू. मी शिकवताना हे उदाहरण सर्वांत आधी देतो, कारण याच्यानंतर वजनकाट्याकडे बघण्याची विद्यार्थ्यांची नजर बदलते.

पहिली पायरी: सराव बाजारातल्या तीन माशांवर

खोल समुद्रातला नमुना हा महागडा नमुना. त्यावर हात शिकू नये. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात सकाळी लवकर जा आणि तीन जाती घ्या: बांगडा, वाकटी आणि बोंबील. निवड मुद्दाम केलेली आहे.

बांगडा शिस्तीचा मासा आहे. अंग घट्ट, दोन्हीकडे निमुळतं, शेपटी स्पष्ट. पद्धत शिकायला हाच घ्या. फक्त मावशींना सांगा, "सगळे एकसारखे नकोत, लहानमोठे मिसळून द्या." असं मागणारं गिऱ्हाईक त्यांना सहसा भेटत नाही, पण कारण सांगितलं की कौतुकाने निवडून देतात. एकाच मापाचे वीस बांगडे आणले तर आलेखावर ठिपक्यांचा पुंजका होतो आणि पुंजक्यातून रेषा कुठल्याही दिशेने ओढता येते. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा यांत अंतर जितकं जास्त, तितका 'ब' भरवशाचा.

वाकटीला शेपटीचा पर नसतोच. अंग निमुळतं होत होत दोऱ्यासारखं संपतं आणि तो दोरा टोपलीत येईपर्यंत बऱ्याचदा तुटलेला असतो. खोल समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या रॅटटेल माशांची, म्हणजे उंदरासारख्या शेपटीच्या माशांची, हीच अडचण आहे.

आणि बोंबील. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणून तर तळण्याआधी आपल्याकडे तो चिरून वजनाखाली दाबून ठेवतात. बोंबील स्वतः खोल पाण्यातला नाही, पण त्याचा गण ऑलोपिफॉर्मिस. तीन लांब काड्यांवर तळाशी उभा राहणारा ट्रायपॉडफिश आणि केरळच्या किनाऱ्यावर खोल पाण्यातल्या कोळंबीच्या जाळ्यात येणारा हिरव्या डोळ्यांचा क्लोरोफ्थाल्मस हे त्याच गणातले. पाण्याने भरलेल्या अंगाचं वजन करणं म्हणजे काय, ते बोंबलावर समजून येतं.

हे मासे बर्फात एखादा दिवस काढून आलेले असतात, तेव्हा त्यांचे आकडे सरावापुरतेच. छापायला नाहीत.

दुसरी पायरी: लांबी ठरवणं

लांबीचे तीन प्रकार रूढ आहेत. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या परांच्या शेवटापर्यंत ती एकूण लांबी. शेपटीच्या खाचेपर्यंत ती खाचलांबी. मणक्याचं हाड जिथे संपतं, म्हणजे शेपटीचा पर जिथे सुरू होतो, तिथपर्यंत ती प्रमाण लांबी. बांगड्यावर तिन्ही मोजा आणि तीन वेगवेगळी सूत्रं काढून बघा. 'ब' जवळपास सारखा येईल, 'अ' मात्र ठळकपणे बदलेल. कुणाचं सूत्र वापरताना लांबीचा प्रकार न बघता आकडे टाकले, तर एकाच माशाचं वजन सहज दीडपट निघू शकतं.

खोल समुद्रातल्या माशांसाठी मात्र हे तीन प्रकार पुरत नाहीत. रॅटटेलमध्ये तोंडाच्या टोकापासून गुदपराच्या, म्हणजे गुदद्वारामागच्या पराच्या, सुरुवातीपर्यंतची लांबी घेतात. गुदपर शेपटीच्या खूप अलीकडे सुरू होतो आणि तो भाग तुटत नाही. हॅलोसॉर आणि काटेरी ईलसारख्या लांब, निमुळत्या शेपटीच्या माशांतही गुदद्वार किंवा गुदपरापर्यंतच मोजतात. कायमेरा या शार्कच्या दूरच्या नातेवाइकाच्या शेपटीला चाबकासारखा दोरा असतो, तर तो सोडून, शेपटीचा वरचा पर सुरू होतो तिथपर्यंत. स्मूथहेड, म्हणजे गुळगुळीत डोक्याचे काळे मासे, यांचे शेपटीचे पर इतके नाजूक की जाळ्यातून येताना झिजून जातात, म्हणून त्यांची प्रमाण लांबी.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने रॅटटेलच्या यादीवर काम केलं होतं. यादी दुसऱ्याने केलेली, लांबी 'एकूण' म्हणून लिहिलेली. 'ब' तीनच्या पुष्कळ खाली आला. तिने त्यावर चार पानं लिहिली होती: खोल पाण्यात अन्न कमी, म्हणून मासा मोठा होताना बारीक होतो. वाचायला पटणारं होतं. मूळ वही मागवली तेव्हा कळलं की तुटलेल्या शेपटीचे मासेही तसेच मोजले गेले होते. कुणाची शेपटी किती तुटावी याला धरबंध नसतो. अशी वेडीवाकडी चूक आडव्या अक्षावर आली की रेषेचा चढ आपोआप कमी होतो आणि 'ब' खाली घसरतो. त्यात अन्नाचा काही संबंध नव्हता. सुदैवाने त्याच वहीत गुदपरापर्यंतची लांबीही होती. ती घेतल्यावर ठिपके रेषेवर येऊन बसले. चार पानं काढून टाकताना तिला वाईट वाटलं आणि मलाही वाटलं, पण प्रबंध वाचला.

वाकटीवर हाच प्रयोग करा. एकदा तुटक्या शेपटीसकट एकूण लांबी, एकदा गुदद्वारापर्यंतची. दोन आलेख शेजारी ठेवले की मुद्दा डोळ्यांना दिसतो.

मोजताना मासा उजव्या कुशीवर, डोकं डावीकडे, तोंड मिटलेलं. टेप अंगावरून वळवू नका. पट्टी सपाट आणि लांबी सरळ रेषेतली. दहा सेंटिमीटरच्या आतला मासा व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजा. प्रत्येक मासा दोनदा, मध्ये दुसरे मासे मोजून. लागोपाठ दोनदा मोजलं तर हात पहिला आकडाच पुन्हा देतो.

तिसरी पायरी: वजन, आणि वजन कशाचं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

आधी काटा. पाच सेंटिमीटरचा कंदीलमासा जेमतेम सव्वा ग्रॅमचा. त्याच्या अंगावर ०.१ ग्रॅम पाणी राहिलं तर चूक आठ टक्क्यांची. म्हणून छोट्या माशांना ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, सोनार वापरतात तसला. टिपकागदाने अंग टिपा, कल्ल्याचं झाकण उचलून आत अडकलेलं पाणी काढा आणि प्रत्येक माशाला तेवढाच वेळ द्या. एकाला पाच सेकंद आणि दुसऱ्याला मिनिटभर टिपलं तर तुम्ही मासा सोडून टिपकागद मोजताय.

जहाजावर तर काटाच डुलतो. जहाजाची हालचाल वजा करणारे काटे असतात, पण सगळीकडे नसतात. मग मासे गोठवून किनाऱ्यावर आणून तोलतात. गोठवून पुन्हा मऊ केलेल्या माशातून पाणी झिरपतं. घट्ट माशात थोडं, पाणचट माशात बरंच. फॉर्मॅलिन आणि अल्कोहोलमध्येही लांबी आणि वजन बदलतं, अल्कोहोलमध्ये मासा आक्रसतो. म्हणून ताजे, गोठवलेले आणि बाटलीतले मासे एका यादीत मिसळू नका. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा संग्रहांतले नमुने जात ओळखायला शिकण्यासाठी अनमोल आहेत, पण बाटलीतल्या माशाचं वजन हे समुद्रातल्या माशाचं वजन नव्हे.

मग पोट. ज्या माशांना वाताशय, म्हणजे हवेची पिशवी असते, त्यांना खोलातून वर आणताना दाब उतरतो आणि पिशवीतला वायू फुगतो. डोळे बाहेर येतात, पोट उलटून तोंडातून लोंबतं आणि पोटातलं अन्न समुद्रात पडतं. दुसरीकडे काही माशांच्या पोटात स्वतःपेक्षा मोठं भक्ष्य असतं. २००७ साली ग्रँड केमन बेटाजवळ चियास्मोडॉन नायजर हा काळा गिळणारा मासा मेलेला सापडला. तो १९ सेंटिमीटरचा आणि त्याच्या पोटातला मासा ८६ सेंटिमीटरचा! असा नमुना सबंध तोलून यादीत टाकला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दोन रकाने ठेवा: सबंध वजन आणि पोट-आतडी-अंडाशय काढून केलेलं वजन. सूत्रं दोन्हींची काढा. दोन्हींत 'ब' सारखा असेल तर निश्चिंत व्हा. वेगळा असेल तर फरक अन्नाचा आहे की अंड्यांचा ते शोधा.

आणि शेवटी पाणी. हा माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे आणि बहुतेक प्रकल्पांत तो गाळला जातो.

खोल पाण्यातल्या पुष्कळ माशांच्या मांसात प्रथिनं कमी आणि पाणी जास्त असतं. काहींच्या कातडीखाली जेलीसारखा थर असतो. हे अशक्तपणाचं लक्षण समजू नका. अन्नाच्या टंचाईत शरीर मोठं करायचं तर पाण्याने मोठं करणं स्वस्त पडतं. शिवाय असं अंग समुद्राच्या पाण्याइतकंच जड असल्याने मासा शक्ती न खर्चता तरंगत राहतो. स्नेलफिश हे याचं टोकाचं उदाहरण. मारियाना गर्तेतल्या स्नेलफिशला २०१७ साली नाव मिळालं. २०२२ साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८३३६ मीटरवर स्नेलफिश चित्रित झाला, मासा दिसलेली ती आजवरची सर्वांत खोल जागा. इतक्या खोलवर पोहोचलेला हा मासा मऊ, लिबलिबीत आणि जेलीने भरलेला.

आता विचार करा. माशाची घनता समुद्राच्या पाण्याइतकीच राहत असेल, तर त्याचं वजन म्हणजे जवळजवळ त्याचं आकारमानच. मग 'ब' ठेवणीबद्दल सांगतो, पण मासा धडधाकट आहे की उपाशी, याबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. उपासमारीत मासा मांस खर्च करतो आणि त्या जागी पाणी भरतं. लांबी तीच, वजन थोडंच कमी. काट्याला मासा ठीक वाटतो, पण आत मांस उरलेलं नसतं.

यावर उपाय घरगुती म्हणावा इतका सोपा आहे. बोंबलाचा ५० ग्रॅमचा तुकडा घ्या, बारीक करा, ६० ते ७० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये ठेवा. वजन दर काही तासांनी घ्या आणि लागोपाठ दोनदा तेच आलं की थांबा. समजा ६ ग्रॅम उरले, तर पाणी ८८ टक्के. बांगड्याचा तेवढाच तुकडा शेजारी ठेवून बघा, फरक पाहून डोळे विस्फारतात. खोल समुद्रातल्या नमुन्यांपैकी निदान काहींचं तरी असं कोरडं वजन घ्या आणि त्याचं लांबीशी नातं वेगळं काढा.

चौथी पायरी: यादी आणि आलेख

किती मासे लागतील? माझा आग्रह निदान साठ-सत्तरांचा आणि तेही सगळ्या मापांत विखुरलेले. खोल समुद्रातून इतके मिळाले नाहीत तर जितके आहेत तितक्यांवर काम करा, पण संख्या लपवू नका. नर, मादी आणि पिल्लं वेगळी नोंदवा. अँगलरफिशच्या काही जातींत नर मादीच्या अंगाला चिकटलेला इवलासा जीव असतो. फोटोकोरिनस स्पिनिसेप्स या जातीत ४६ मिलिमीटरच्या मादीवर ६.२ मिलिमीटरचा पूर्ण वाढलेला नर सापडलेला आहे. दोघांना एका रेषेवर बसवण्यात अर्थ नाही. ईल आणि हॅलोसॉरसारख्या माशांची अळीसुद्धा पानासारखी चपटी, पारदर्शक असते आणि रूप बदलताना लांबीने आखूड होते. तिला प्रौढांच्या यादीतून बाहेरच ठेवा.

स्प्रेडशीटमध्ये लांबी आणि वजनाचे लॉग काढून सूत्र लावण्याआधी फक्त ठिपके काढा आणि बघा. एकटा दूर पडलेला ठिपका दिसला तर वही उघडा. दशांशचिन्ह चुकलंय का, शेपटी तुटलीय का, जात तीच आहे का. कारण सापडलं तर काढा आणि काढल्याचं लिहा. कारण सापडलं नाही तर तो मासा राहू द्या.

मग 'स्लोप' आणि 'इंटरसेप्ट' ही दोन फलनं चढ आणि छेद देतात. 'लाइनएस्ट' त्यांच्यासोबत प्रमाण त्रुटीही, म्हणजे उत्तर किती डळमळीत आहे तेही, देतं. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येत असेल तर 'एलएम' ही एकच आज्ञा पुरते.

एककांचा सापळा मात्र सगळ्यांना एकदा तरी पकडतो. वरच्या उदाहरणातला अ = ०.००५८२ हा सेंटिमीटरसाठी आहे. तीच लांबी मिलिमीटरमध्ये घातली तर 'ब' तोच राहतो, पण अ = ०.०००००४५६ होतो. १०^३.१०६ ने, म्हणजे सुमारे १२७६ ने भागलेला. दुसऱ्या कुणाच्या 'अ'शी तुलना करण्याआधी दोघांचं एकक आणि लांबीचा प्रकार एक करून घ्या.

पाचवी पायरी: 'ब' खरंच तीनपेक्षा वेगळा आहे का?

३.१०६ आला म्हणून लगेच 'मासा भरत जातो' असं लिहू नका. समजा ६० मासे होते आणि 'ब'ची प्रमाण त्रुटी ०.०६ निघाली. (३.१०६ − ३) ÷ ०.०६ = १.७७. अठ्ठावन्न मुक्तमात्रांसाठी (६० मासे, वजा रेषेचे 'अ' आणि 'ब' हे दोन आकडे) पाच टक्के पातळीची मर्यादा सुमारे २.०० आहे. १.७७ तिच्या आत, म्हणजे घनाचा नियम मोडल्याचा पुरावा आपल्याकडे नाही. हेच दुसऱ्या शब्दांत: 'ब' २.९९ ते ३.२३ यांच्यात कुठेही असू शकतो आणि ३ त्यात बसतो.

सहसंबंधाचा वर्ग, म्हणजे ठिपके रेषेला किती धरून आहेत ते १ पैकी सांगणारा आकडा, ०.९८ आला म्हणून खूश होणारे विद्यार्थी मी खूप बघितले. लांबी आणि वजन यांच्यात तो नेहमीच मोठा येतो. मापं दूरदूर पसरलेली असली की चुकीच्या मोजमापांवरही मोठा येऊ शकतो. 'ब'चा पट्टा किती रुंद आहे, ते बघा.

लॉगमधून परत ग्रॅममध्ये येताना एक बारीक दुरुस्ती लागते. लॉगच्या रेषेवरून मिळतं ते मधलं वजन, सरासरीपेक्षा ते थोडं कमी असतं. नैसर्गिक लॉग वापरला असेल आणि रेषेभोवतीच्या विखुरण्याचं प्रमाण विचलन ०.१२ असेल, तर त्याचा वर्ग करून निम्मा घ्या: ०.००७२. ई या संख्येचा तेवढा घात, १.००७. म्हणजे पाऊण टक्का, सोडून दिलं तरी चालेल. पण विचलन ०.३ असेल तर गुणक १.०४६ होतो, साडेचार टक्के. पाणचट, फाटक्या नमुन्यांत ०.३ सहज येतं. दहाच्या पायाचा लॉग वापरला असेल तर विचलन आधी २.३०२६ ने गुणून घ्या.

सहावी पायरी: तुलना

माशाची तब्येत दाखवायला १०० × वजन ÷ लांबीचा घन, हा जुना गुणांक अजून सर्रास वापरतात. आपल्या दोन माशांत तो ०.८० आणि ०.८२ येतो. म्हणजे मोठा मासा जास्त सुदृढ? तसं म्हणता येत नाही, दोघेही एकाच रेषेवर आहेत. 'ब' तीन नसला की हा गुणांक लांबीबरोबर आपोआप सरकतो. १९५१ साली ले क्रेन यांनी पर्च माशावरच्या अभ्यासात यावर उपाय सुचवला: माशाचं प्रत्यक्ष वजन भागिले त्याच लांबीसाठी सूत्राने दिलेलं वजन. एकापेक्षा जास्त म्हणजे आपल्या जातभाईंच्या मानाने भरलेला. खोल समुद्रातल्या माशांसाठी मी हेच वापरायला सांगतो, शेजारी पाण्याची टक्केवारी लिहून.

दोन जातींच्या ठेवणीची तुलना करायची तर 'अ' थेट शेजारी ठेवू नयेत, कारण 'ब' वाढला की 'अ' घटतो, दोघे झोपाळ्यासारखे वरखाली होतात. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रोझे यांनी २००६मध्ये यासाठी रूपगुणांक मांडला: 'ब' तीन असता तर 'अ' किती असता? लॉग(अ) मध्ये १.३५८ × (ब − ३) मिळवा आणि लॉग उलटा करा. आपल्या उदाहरणात −२.२३५ + ०.१४४ = −२.०९१, म्हणजे ०.००८१. ईलसारख्या अंगाला हा आकडा साधारण ०.००१, लांबट माशाला ०.००४, बांगड्यासारख्या निमुळत्या माशाला ०.०११ आणि आखूड, उभ्या अंगाच्या माशाला ०.०१९. म्हणजे आपला मासा लांबट आणि निमुळता यांच्या मधला. हे आकडे एकूण लांबीसाठीचे आहेत. गुदपरापर्यंतच्या लांबीवर काढलेला रॅटटेलचा 'अ' यांच्या शेजारी ठेवला तर तो मासा गोल चेंडूसारखा वाटेल.

जगभरातल्या जातींचे 'अ' आणि 'ब' फिशबेस या संकेतस्थळावर मिळतात. भारतीय समुद्रासाठी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची प्रकाशनं आणि १९८४पासून फिरणाऱ्या 'सागर संपदा' या संशोधन जहाजाच्या सफरींवरचे निबंध शोधा.

वहीचे रकाने

जात, पकडल्याची तारीख, जागा, खोली, जाळ्याचा प्रकार. लिंग. लांबी, तिचा प्रकार आणि एकक. सबंध वजन, पोट काढून वजन, कोरडं वजन. ताजा, गोठवलेला की बाटलीतला, आणि बाटलीतला असेल तर किती दिवस. खवले गेलेत का, पोट उलटलंय का.

शेवटी सूत्राबरोबर माशांची संख्या, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी लांबी, आणि 'अ', 'ब' या दोघांचे पट्टे द्या. लहान-मोठ्या लांबीची मर्यादा विसरू नका. १० ते २५ सेंटिमीटरच्या माशांवर काढलेलं सूत्र कॅमेऱ्यात दिसलेल्या ६० सेंटिमीटरच्या माशाला लावायचं नसतं.

आणि उजवीकडे अगदी शेवटचा एक अरुंद रकाना: 'शेपटी शाबूत? हो/नाही'. त्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पानंतर मी तो प्रत्येक छापील तक्त्यात घालतो.